जिजाबाईच्या जागी मी

६ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

परवा, ४ तारखेला सकाळी ११.१० वाजता, मला जिजाबाईच्या जागी मोजण्यात आलं. मला न विचारता! कळलं आज.

त्या दिवशी रितिका नावाची मुलगी टॅब घेऊन आली होती. गल्लीतला ट्रस्टचा संध्याकाळचा दवाखाना चालू ठेवायचा की नाही, याचं सर्वेक्षण. तुम्ही तिथे जाता का? मी म्हटलं, नाही. खरंच नाही जात, माझे डॉक्टर वेगळे.

आज मागच्या ओळीतली जिजाबाई भेटली. ती दिवसभर मेसमध्ये पोळ्या करते, नवरा देवराव दिवसपाळीचा चौकीदार. साखरेमुळे त्याच्या पायाची जखम भरत नाही, रोज संध्याकाळी ड्रेसिंग याच दवाखान्यात. ‘मले तं कोणी विचारलंच नाही, बाई. अकराले मी घरी काहून राहीन?’

रितिकाला फोन लावला. ‘आजी, त्यांचंच घर निवडलं गेलं होतं. पण कुलूप होतं ना! मग वेबसाइट आपोआप पुढचं घर देते. तुमचं.’

आजी! मी हिची आजी कधी झाले?

७ नोव्हेंबर

वेबसाइट बनवणारा हर्षित. त्यालाही फोन. ‘मॅडम, चिठ्ठ्या उचलल्यासारखंच आहे. एकदम निष्पक्ष.’ चिठ्ठी निष्पक्ष, मान्य. पण भरदिवसा कुलूप असलेली घरं वगळल्यावर उरतं कोण? पेन्शनवाले. पुन्हा भेट द्यायची सोय ‘पुढील सुधारणा’ या यादीत आहे म्हणे. देवरावचा पाय तोवर थांबेल का, विचारलं. हसला. मी विनोद केला नव्हता.

८ नोव्हेंबर

ट्रस्टला मेल. बंद घरी संध्याकाळी सातला पुन्हा जा. इंग्रजीत लिहिला – शाळेत सिस्टर अगाथाने शिकवलेलं सभ्य इंग्रजी अजून लोकांना घाबरवतं.

१० नोव्हेंबर

काही नाही.

१२ नोव्हेंबर

हर्षितचा फोन. ‘तुमची सूचना टाकली, मॅडम!’ उद्या सातला रितिका येणार. जिजाबाईला मुद्दाम सांगितलं नाही. पढवून ठेवली, असं कोणी म्हणायला नको.

१३ नोव्हेंबर

सव्वासात. दारात रितिका. ‘आजी, परत तुम्हीच आलात.’

जिजाबाईकडे पुन्हा कुलूप! कुठे असणार ती या वेळी? मलाच सुचायला हवं होतं. रितिकाला घेऊन दवाखान्यात गेले. बाकावर देवराव, पाय पुढे केलेला. जिजाबाई मला तिथे बघून घाबरली – ‘काय झालं, बाई? बरं नाही वाटून राहिलं का?’

‘विचार हिला,’ मी रितिकाला म्हटलं.

‘टॅब पुढच्या घरावर गेलाय, आजी. मागे नाही येत.’

‘ती सोय कधी?’

‘पुढील सुधारणांमध्ये.’

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा मेल. सातची वेळ मी सुचवली होती, ती चुकली. घर बंद असेल तर त्या घरातलं माणूस शोधा, घर बदलू नका. जिजाबाईच्या जागचं माझं ‘नाही’ काढा. लेखी उत्तर सोमवार, १७ नोव्हेंबर, दुपारी चारच्या आत. तोवर माझ्याही दाराला कुलूप असेल – सकाळी अकराला आणि संध्याकाळी सातला.