देवपूरची भिंत

८ जानेवारी

भिंत गेली.

कॉलेजचा क्लार्क अभिमन चहाच्या टपरीवर म्हणाला, "पेंटर, यंदा आमची भिंत जळगावचा पोरगा रंगवणार. ग्राफिटी म्हणे." कोण पोरगा? तर तेजस. आमच्या कुंदाचा. माझा सख्खा भाचा!

दुकानांच्या पाट्या फ्लेक्सने खाल्ल्या. लग्नघरवाले दारावर नवरा-नवरीची नावं नि दोन बाजूंना भालदार काढायला बोलवायचे, तेही आता बॅनर लावून मोकळे होतात. लोक थांबून बघतील अशी ही एकच भिंत उरली होती. दरवर्षी गॅदरिंगच्या आधी मीच रंगवायचो. कॉलेजचं नाव, खाली सुविचार. अख्खं देवपूर म्हणायचं, अक्षर बघावं तर छगन पेंटरचं.

११ जानेवारी

तेजस आपल्याकडेच उतरलाय. बायकोने, सुनंदाने, त्याच्यासाठी खापरावरचे पुरणाचे मांडे केले. मी दिवसभर शिडीवर उभा राहून आलो की मला खिचडी.

१५ जानेवारी

बघून आलो. नाही जाणार म्हटलं होतं, तरी गेलो.

तोंडाला मास्क, हातात स्प्रेचा डबा. फुस्स, फुस्स. पुरुषभर उंचीची अक्षरं, एकमेकांत घुसलेली. काय लिहिलंय ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. विचारलं तर म्हणतो, "मामा, ती वाचायची नसतात, बघायची असतात." मी जन्मभर धावत्या एसटीतून वाचता यावं म्हणून अक्षर घोटलं, आणि हा मला शिकवतो!

पोरी सेल्फी घेत होत्या.

इथे खरं लिहितो, इथे कोण वाचणार आहे. जांभळ्यातून केशरी असा काही काढलाय त्याने, की एक संपून दुसरा कुठे सुरू होतो ते सापडत नाही. मी नाक लावून शोधलं. नाही सापडलं. जळलो मी.

१८ जानेवारी

कॉलेजने त्याचं भाषण ठेवलं. ग्राफिटीचा इतिहास. मी मागच्या रांगेत बसलो.

इटलीत म्हणे एक गाव ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं. खोदून काढलं तर भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीची नावं, शिव्या, प्रेमाच्या गोष्टी. इलेक्शनचा प्रचारसुद्धा! तो रंगवायला पेंटर होते आणि त्यातले काही शेवटी स्वतःचं नाव टाकायचे. मी खुर्चीत ताठ झालो. म्हणजे आमचा धंदा यांच्या डबड्यांपेक्षा जुना. वाटलं, आता म्हणेल — माझे मामाही तेच करतात. तर गडी निघाला अमेरिकेला. तिथली गरीब वस्तीतली पोरं रेल्वेच्या डब्यांवर फक्त आपलं नाव लिहायची. गावभर फिरलं पाहिजे, बस.

मग अजिंठा. तिथे एका गोऱ्या साहेबाने चित्रावरच स्वतःचं नाव कोरलंय. मी शेजारच्या माणसाला म्हटलं, काय नालायक माणूस.

टाळ्या फार पडल्या. माझं नाव काही निघालं नाही.

२० जानेवारी

पेपरात फोटो. सुनंदाने कापून फ्रिजवर लावला. मी तोंड फिरवलं तर म्हणते, "भाचा शे तुम्हना, दुश्मन नही."

तेजस जळगावला गेला.

२२ जानेवारी

मी आजवर किती जणांची नावं लिहिली. आमदार, डॉक्टर, खतं, बियाणं, नवरदेव. माझं कुठे आहे? खाली कोपऱ्यात, बोटभर, मोबाइल नंबरासकट. तेही शेळ्यांनी अंग घासून घासून जातं.

२४ जानेवारी

केलं.

भर दुपारी. चोरून कशाला? शिडी आणि डबा घेतलेल्या पेंटरला कोणी अडवत नाही. वॉचमन पुनाने तर शिडी धरली. "कसानी जाहिरात शे, पेंटर?" म्हटलं, माझीच. तो हसला.

त्याच्या जांभळ्या-केशरीच्या बरोबर मधोमध — छगन. लाल ऑइलपेंट, पिवळी कड, काळी सावली. पहिल्यांदाच एवढं मोठं. उतरलो, रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो. पारोळ्याची एसटी गेली, खिडकीतल्या बाईने मान वळवून वाचलं.

काय बरं वाटलं म्हणून सांगू.

२५ जानेवारी

कुंदाचा फोन. "भाऊ, हाई काय करं तू?" नंतर नुसती रडत होती. मग मलाच तो अजिंठ्याचा साहेब आठवला. सुनंदा ताट वाढते आणि उठून जाते.

२७ जानेवारी

तेजस आला. आधी भिंत बघून मग घरी. मी तयारीत होतो, बोलला असता तर मीही सोडला नसता. तर विचारतो काय — "मामा, ती पिवळी कड एका दमात मारली?"

मग काय तर, म्हटलं.

"मला नाही जमणार."

चहा प्याला. मग माझ्या खोलीतून पांढऱ्या रंगाची बादली, रोलर आणि बारीक ब्रश उचलला. कळलं, माझं नाव पुसायला निघाला. अडवायला हवं होतं, पण कोणत्या तोंडाने? सुनंदा म्हणाली, "बठ्ठा तुम्हनामुळे." सगळं माझ्यामुळेच म्हणे. घरातच बसून राहिलो.

२८ जानेवारी

तो पहाटेच्या गाडीने गेला. मी भिंतीकडे जाऊन आलो. जांभळं नाही, केशरी नाही. त्याने त्याचं सगळं पांढरं करून टाकलंय. मध्ये माझं नाव तेवढं ठेवलंय, पिवळ्या कडेला पांढऱ्याचा ठिपकासुद्धा लागू दिला नाही. स्वतःचं काम असं पुसायला माझा हात धजला नसता. याच्यावरही जळतोय मी.