कडेवरचा बक्कल नंबर

हॅलिफॅक्स, ९ मार्च १९७१

लेनी, माझ्या हट्टी आणि एकुलत्या एक भावा,

तुझं पुडकं मंगळवारी पोचलं. बाबांचं शौर्यपदक लोकरी मोज्यात गुंडाळून पाठवायची अक्कल तुझीच असणार, आणि मोजा धुवायचं न सुचणंही तुझंच. आत दीड ओळीची चिठ्ठी. 'हे तुझ्याकडे ठेव, नाहीतर वितळव. पीटरच्या हाती लागायला नको, आपल्या रक्तात जे आहे ते माझ्याबरोबर संपू दे.' ती वाचली आणि खुर्ची ओढून बसले. तू चार वर्षं तुझ्या होड्यांच्या कारखान्यामागच्या खोलीत एकटा राहतोस, डोरिस आणि मुलं दोन गल्ल्यांपलीकडे, हे मला नाताळच्या कार्डांवरून कळत होतंच. डोरिसच्या कार्डावर तिची आणि मुलांची सही, तुझ्या कार्डावर तुझी एकट्याची. तू पीटरला, पोटच्या पोराला, एकदा मारलंस, त्याचे पुढचे दोन दात पडले, आणि स्वतःच्याच हातांना घाबरून तू घराबाहेर पडलास, हेही तिने मला कळवलं होतं. तरी मी गप्प राहिले. आता बोलते. हे पत्र एका बैठकीत वाच, मध्येच उठून रंधा मारायला जाऊ नकोस.

माझा नाद तुला ठाऊक आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये पदकवाल्यांचा बाजार भरतो, आणि त्या साऱ्या म्हाताऱ्या बाप्यांत मी एकटीच बाई. क्रॅबट्री म्हणून एक आगाऊ माणूस आहे, तो दरवेळी म्हणतो, "काय विनीबाई, नवरा नाही मिळाला म्हणून मेलेल्या शिपायांशी संसार मांडलात होय?" मी म्हणते, "जिवंतांची तऱ्हा समोर दिसतेय ना!" मग तोच मला चहा आणून देतो. पण भिंग हातात घेतलं की त्याचीही बोलती बंद होते, कारण या सगळ्या जिल्ह्यात बाबांच्या पलटणीची माहिती माझ्याइतकी कुणाला नाही. इंग्रज शिपायाच्या पदकाच्या कडेवर त्याचा बक्कल नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. नवीन माणूस राजाचं तोंड बघतो, फितीचे पट्टे बघतो. मी त्याला टप्पल मारते आणि सांगते, अरे आधी कडा बघ, बाकी सगळं नंतर. वीस वर्षं मी लोकांना हेच शिकवत आले.

आपला बाप काय होता ते तुला सांगायला नको, पण मला आज लिहून काढायचंय. आईच्या जबड्यावर त्याने इस्त्री फेकून मारली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पुढे तिला जन्मभर पाव दुधात बुडवून खावा लागला. तुझं डोकं त्याने कपडे धुवायच्या टबात धरलं होतं. मी त्याच्या पाठीवर चढून कान चावला तेव्हा कुठे त्याची पकड सुटली. पट्ट्याचं पितळी बक्कल माझ्या मांडीत रुतलं त्याची खूण अजून आहे. आणि मग अडतीस सालचा तो रविवार. चर्चहून येऊन आपण जेवायला बसलो होतो. बटाटे थंड आहेत म्हणून त्याने आईचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलावर आपटायला लागला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तू शेगडीची सळई उचललीस. सोळा वर्षांचं पोर तू! पहिल्या घावाला तो खाली बसला, दुसऱ्याला आडवा झाला, आणि तू तरी थांबला नाहीस. रक्त माझ्या ताटात उडालं. मी तुझी कंबर धरून ओढली तेव्हा तू हसत होतास रे, आणि मला वाटतं त्या हसण्याचीच तुला आजवर भीती वाटते. जाताना त्याला झोंबावं म्हणून फडताळावरचं हे पदक खिशात घातलंस आणि लिव्हरपूलला जाऊन परदेशाची बोट गाठलीस. गंमत बघ, त्या रिकाम्या जागेकडे त्याची नजर एकदाही गेली नाही.

सहासष्ट साली मी तुला जे पत्र लिहिलं ते तुला तोंडपाठ असेल. पलटणीच्या जुन्या हुकूमवहीत मला नोंद सापडली होती. १९१५, छावणी, फ्रान्सला जाण्याच्याही आधी. 'शिपाई जे. सग्डेन, नं. २४१७, दारूच्या नशेत पाववाल्याच्या नोकराला मारून अर्धमेला केलं, डोळा गेला, नव्वद दिवस तुरुंग.' मी तुला लिहिलं, बघ लेनी, लढाईने त्याला बिघडवलं नाही, तो मुळातच तसा होता, रक्तातच होतं. मला वाटलं, राक्षसालाच मारलं म्हणून तुला बरं वाटेल. पुढच्याच वर्षी तू पीटरवर हात उचललास आणि माझं ते वाक्य उचलून घराबाहेर पडलास.

तर मंगळवारी मी ते पदक मोज्यातून काढलं, भिंग घेतलं आणि कडा बघितली. नंबर ३१०६.

तीनदा बघितला. चष्मा पुसून बघितला. १९१७ साली आपल्या पलटणीत सगळ्यांचे नंबर बदलले, चार आकडी गेले आणि सहा आकडी आले. आईने जपलेल्या बाबांच्या दोन साध्या पदकांवर नवा सहा आकडी नंबर आहे. त्यांचा जुना नंबर मला ठाऊकच नव्हता, मी अंदाजाने जोडला होता. वहीत जे. सग्डेन दिसला, तोच आपला जेबेझ सग्डेन असं धरून चालले. शौर्यपदक मात्र त्यांना सोळा सालीच मिळालं होतं, म्हणून त्याच्या कडेवर जुना नंबर आहे. चोवीसशे सतरा हा दुसराच कुणीतरी होता. तुला एक चार ओळींचं पत्र टाकून 'कडेवर काय कोरलंय ते वाचून कळव' एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं.

बुधवारी सकाळी पहिली बस धरून एमॉस ग्रीनहालकडे गेले. तो बाबांच्याच तुकडीतला, आता म्हाताऱ्यांच्या आश्रमात असतो, सत्त्याहत्तर वर्षांचा, जीभ अजून तिखट. नंबर सांगितला तर म्हणाला, "चोवीसशे सतरा? तो खाटकाचा पोरगा, जो नावाचा सग्डेन. दारुडा मेला. सतरा साली तोफेचा गोळा पडला, उचलायला काही उरलंच नाही त्याचं. तुझ्या बापाचा त्याच्याशी काय संबंध?" मग हसायलाच लागला. म्हणाला, "जेबेझ आणि मारामारी? पोरी, तुझ्या आजीला कोंबडी कापायची असली की तो ती काखेत घेऊन आमच्या घरी यायचा. माझ्या आईने मान पिरगाळेपर्यंत अंगणात पाठ करून उभा राहायचा आणि चर्चमधली गाणी म्हणायचा, आवाज ऐकू नये म्हणून! कापड रंगवायच्या कारखान्यात आम्ही कामाला होतो, तिथली पोरं त्याला कोंबडीची मावशी म्हणायची."

मी विचारलं, मग पदक कशाबद्दल? त्याचं हसू गेलं. मग म्हणाला, "सोळाचा ऑक्टोबर. आम्हा बारा जणांना तोंडाला काजळी फासून पलीकडच्या खंदकावर धाडलं. बंदुका नाहीत, आवाज होतो म्हणून. खिळे ठोकलेले सोटे दिले. जेबेझ वाटेत दोनदा ओकला. सार्जंटने त्याच्या ढुंगणावर लाथ घालून त्याला पुढे ढकलला." मेणबत्तीच्या उजेडात जेवत बसलेल्या शत्रूच्या पोरांवर हे खाली उतरले. एमॉस सांगत होता, त्यांतल्या पहिल्याने बाबांच्या पोटात चाकू घालायचा प्रयत्न केला. बाबांनी सोटा मारला तो त्याच्या कानशिलात अडकला, खिळे निघेनात, पाय देऊन उपटावा लागला. त्यानंतर हा माणूस थांबलाच नाही. सात जण. कवट्या फुटत होत्या आणि हा ओरडत होता. शेवटचा मिसरूडही न फुटलेला, हात वर करून कोपऱ्यात, आईला हाक मारत होता, ती हाक सगळ्यांनाच कळत होती. "मी म्हटलं, जेबेझ, झालं रे, झालं! पट्ट्याला धरून ओढला तर माझ्या मनगटाचा लचका तोडला त्याने. हे बघ." व्रण दाखवला मला. त्या पोराचं तोंड ओळखू येईना इतकं ठेचलं होतं. येताना लेफ्टनंट तारेत अडकला, त्याला बाबांनी कॉलरला धरून फरफटत आणला, म्हणून पदक. "दुसऱ्या दिवशी तो हात धूत बसला," एमॉस म्हणाला, "कातडं निघेपर्यंत. पदक तीनदा मला देऊ केलं त्याने. मी घेतलं नाही. पुढे गाणंबिणं म्हणताना मी त्याला कधी ऐकलं नाही."

आता याचा अर्थ मी बापाला माफ केलं असा काढू नकोस. आईचा जबडा त्या सोट्याने मोडला नव्हता, बापाच्या हाताने मोडला. पण तो जन्मला तसा नव्हता, एवढं खरं. तो केला गेला.

आणि लेनी, एवढी साधी चूक माझ्या हातून कशी झाली, तेही सांगते. क्रॅबट्रीसुद्धा करणार नाही अशी चूक. मला ती करायची होती. तू गेल्यावर तो त्या घावांनी अकरा वर्षं अर्ध्या अंगाने लुळा पडून होता. आई दोन वर्षांत गेली, मग मी आणि तो. मी त्याचं जेवण खाटेपासून हात पुरणार नाही इतक्या अंतरावर ठेवायची आणि गिरणीत कामाला जायची. ओल्या टॉवेलला पीळ देऊन मारायची, वळ दिसू नयेत म्हणून तळपायावर. त्याला बोलता येत नव्हतं, नुसतं डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मला गोड वाटायचं. शेजारणी म्हणायच्या, "विनीने बापाची सेवा करावी तर अशी!" एकोणपन्नास साली तो मेला तेव्हा अंगावर मांस नव्हतं. म्हणून मला बाप जन्माचा राक्षस हवा होता. तसा नसता तर मी कोण? हुकूमवहीत जे. सग्डेन दिसला आणि मी सुटले. कडा बघायची मला हिंमतच नव्हती.

तू पोराला एकदा मारलंस आणि चार वर्षं स्वतःला बाहेर काढलंस. मी अकरा वर्षं मारलं आणि नंतर वीस वर्षं लोकांना मान ताठ करून इतिहास शिकवला. आता तूच सांग, रक्ताचं नाव कुणी घ्यायचं?

हे सगळं मी तुला उन्हाळ्यात सावकाश लिहिलं असतं, किंवा भेकडासारखं कधीच लिहिलं नसतं. पण काल डोरिसचं पत्र आलं. पीटरला अठरावं संपून एकोणिसावं लागलं आणि तो फौजेत नाव घालायला निघालाय, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला सही आहे. तिने विचारलं का, तर म्हणाला, "आजोबांत होतं, डॅडमध्ये आहे, माझ्यात असणारच. इथे तुला मारण्यापेक्षा तिकडे त्याचा उपयोग तरी होईल." माझं वाक्य, लेनी. तुझ्या तोंडून त्याच्या तोंडात गेलेलं. त्याला कोंबडीची गोष्ट सांग. मग त्या कोपऱ्यातल्या पोराची सांग. माझ्या टॉवेलचीही सांग, लाज माझी आहे, तू झाकू नकोस. एवढं ऐकूनही त्याला जायचं असेल तर जाऊ दे, पण आजोबा तसाच जन्मला होता असं समजून जाऊ नये. विमानाच्या टपालाने हे आठ दिवसांत पोचेल. तुझ्या खोलीपासून ते घर दोन गल्ल्यांवर आहे. मोजा मी धुऊन पाठवीन, तू आत्ता अनवाणी जा.

जिने तुला घराबाहेर काढलं ती,
तुझीच
विनी