बोल ना, बर्नार्ड!

स्कारबरो, मंगळवार

प्रिय एडिथमावशी,

टोपी काढून, कमरेत वाकून नमस्कार. तू खुशाल असशीलच. मीही आहे, उलट जरा जास्तच, कारण तुझा भाचा सिनेमाचा नायक झाला!

तसा मी शूटिंगच्या जागी नुसता गालिचा पोचवायला गेलो होतो. आमच्या गालिच्यांच्या दुकानाशेजारचा रूफस (लग्नाच्या चित्रफिती काढतो तोच) ‘बोल ना, बर्नार्ड!’ नावाचा विनोदी सिनेमा काढत होता. बायकांसमोर दातखीळ बसणाऱ्या माणसाला धीर कसा येतो, अशी गोष्ट. नायक त्याचा मेहुणा, पण तीन दिवस नुसत्या काकडीच्या सँडविचवर राबवल्यामुळे तो निघून गेला. त्याचा कोट मला बरोबर बसला. झालं, मी बर्नार्ड!

नायिका ग्वेन. बंदरावरची बस चालवते ती. मासे-चिप्सच्या दुकानात मी तिला एवढंच विचारायचं होतं, “शनिवारी चहाला येशील?” चौदा वेळा कॅमेरा चालू झाला आणि चौदाही वेळा माझी बोबडी वळली. एकदा तर तोंडातून निघालं, “यावर चहा सांडला तरी डाग पडत नाही.”

“अरे सेड्रिक, ती नायिका आहे, गिऱ्हाईक नव्हे!” रूफस केस उपटत ओरडला.

“ओरडू नका हो त्याच्यावर,” ग्वेन म्हणाली. “मला घाई नाही.”

तेवढ्यात कॅमेऱ्याची बॅटरी संपली (एकच होती) आणि रूफस घरी पळाला. दुकानात आम्ही दोघं आणि तळणीचा वास. काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, “ग्वेन, शनिवारी चहाला येशील?”

“आत्ता कुठे कॅमेरा चालू आहे?”

“म्हणूनच विचारतोय.”

ती लाल झाली. मग म्हणाली, “येते की.”

रूफसला हे कळल्यावर तो मटकन खाली बसला. पुन्हा नऊ वेळा करून पाहिलं, पण छे! शेवटी सिनेमा माझ्या उघड्या तोंडावरच संपवला. चर्चच्या सभागृहात एकतीस माणसं पोट धरून हसली. रूफसची आई मात्र रडली. खर्च तिचा होता.

पण मावशी, मी आता बदललोय. ताठ चालतो. परवा खानावळीत गार सूप आलं, ते सरळ परत पाठवलं. शनिवारचा चहाही झोकात झाला.

तुझा धीट भाचा,
सेड्रिक

ता. क. सूप परत पाठवलं नाही. पिऊन टाकलं, वर छान होतं म्हणालो.

ता. क. २. चहा झोकात झाला तो पहिली दहा मिनिटं. मग ग्वेनने माझा हात हातात घेतला. मी इतका घाबरलो की “मावशी अत्यवस्थ आहे” असं सांगून धूम ठोकली. ती बिचारी काळजीत पडली. येत्या रविवारी तीन वाजता फळांचा केक घेऊन माझ्यासोबत तुला बघायला येतेय. कृपा करून त्या दिवशी समुद्रात पोहायला जाऊ नकोस. पांघरूण घेऊन पडून राहा, अधूनमधून कण्ह.

ता. क. ३. ती म्हणते, मावशी बरी होईपर्यंत दर रविवारी जाऊ. तेव्हा बरं व्हायची घाई करू नकोस.