अवसेची सभा

दांडी
रविवार, १८ एप्रिल १९८२

ती. मंजुळाताई यांस,
हंसाचा शि. सा. न. वि. वि.

पालघरला येणाऱ्या सुकाबरोबर दाजींची छत्री परत पाठवली, ती पोचली असेल. दोन उन्हाळे वापरली, एक काडी मोडली, तेवढी माफी करा. आता ती लागणार नाही. तुमचे भाऊ शुक्रवारी पक्ष सोडत आहेत.

हसू नका, खरंच सांगते. बोईसरच्या बाजारात आम्ही मासळीवाल्या भर उन्हात बसतो, तिथे छप्पर व्हावं म्हणून ह्यांनी किती अर्ज दिले ते तुम्हांला ठाऊकच आहे. विरोधातल्या माणसाचा अर्ज कोण वाचतो? गुरुवारी सत्तेतले साहेब घरी आले, चहा प्यायले, आणि हसत हसत म्हणाले की वामनराव, आमच्यात या, पावसाआधी छप्पर घालून देतो. आदल्या दिवशीच मला बाजारात भोवळ आली होती, रत्नाबाईनं बर्फाचं पाणी मारून उठवलं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि येतो म्हणाले.

मी अडवलं नाही. कंटाळले हो ताई. निवडणूक आली की बोंबील वाळवायचे बांबू झेंड्यांना जातात, हरलो की तेच बांबू परत वाळवणाला. मुंबईचा पुढारी येतो, माझ्या हातचं कालवण ओरपतो आणि पुढच्या खेपेला ह्यांचं नाव विसरतो.

सभा इथेच, वाळवणाच्या मैदानात आहे. दिवस ह्यांनीच दिला, शुक्रवार, म्हणजे अवस. उधाणाच्या ओढीत मासळी लागते, म्हणून गावचे सगळे पुरुष होडीवर, बघायला आम्ही बायकाच. लाज वाटत असेल बिचाऱ्यांना. तुम्ही मोठ्या आहात, त्यांना दोन शब्द समजुतीचे लिहा. दाजींना नमस्कार, उषाला आशीर्वाद.

तुमची,
हंसा


पालघर
मंगळवार, २० एप्रिल

चि. सौ. हंसा हिस,
मंजुळाचे अनेक आशीर्वाद. सांगते मी, लिहिते माझी लेक उषा. चुका तिच्या, शहाणपण माझं.

छत्री पोचली. काडीवरून दाजी दोन दिवस कुरकुरले, मग तार बांधून खुंटीला लावली. त्यांचा दमा तसाच आहे. नळाला पाणी येतं तेव्हा वीज नसते, वीज असते तेव्हा पाणी नसतं, असं आमचं चाललं आहे.

तुझं पत्र ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. त्याच्यापायी तू काय सोसलंस ते मी पाहिलं आहे. पण ती अवस मला खटकते. वामननं आजवर एक सभा उधाणात घेतली नाही. पुढारी रविवारच हवा म्हणून अडून बसले, तेव्हा त्यानं त्यांना सुनावलं होतं की आमचा रविवार अष्टमीच्या भांगात येतो. पाण्याला ओढ नसते, होड्या किनाऱ्याला असतात, तेव्हा या. तो माणूस आपल्या तोंडानं अवस सांगतो?

तू म्हणतेस लाज. असेलही. पण मी त्याला कडेवर वाढवला आहे. कडू काढा घेतो घेतो म्हणायचा आणि वेळेला माडावर चढून बसायचा. सरकारला तो तोंडावर नाही म्हणेल, घरच्या माणसाला तसं म्हणणार नाही. तुला भोवळ आली म्हणून तो हो म्हणाला, एवढं मात्र विसरू नकोस.

समजुतीचं मी काही लिहीत नाही. काय समजवू, तेच कळत नाही. डोक्याला ओला रुमाल बांधून बाजारात जात जा.

तुझी,
मंजुळा


दांडी
शनिवार, २४ एप्रिल

ती. मंजुळाताई यांस,
हंसाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचंच खरं झालं. काल पहाटे जिव्याच्या होडीवर माणूस कमी आहे म्हणून हे समुद्रावर गेले. इस्त्रीचा पांढरा सदरा घडीचा घडीतच राहिला.

दहाच्या सुमाराला साहेब आले. हार, पेढे, बाजा, सगळा थाट. मंडपात आम्ही बायकाच. वामनराव कुठे म्हणून विचारलं तर सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग मीच उठले. माइकसमोर जाऊन सांगून टाकलं की साहेब, आज उधाण हाय, ते होडीवर गेले, तुमी अष्टमीला या. बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. हार होते तसे गाडीतून परत गेले.

छप्पर गेलं, ताई. मंडप उतरताना बाजारातल्या पारूनं मला सगळ्यांदेखत ऐकवलं की तुझ्या घोवाच्या ताठ्यापायी आमची डोकी कवर तापायची. तिचं काय चुकलं?

हे संध्याकाळी आले, मासळीची पाटी माझ्यापुढे ठेवली आणि जमला नाय, एवढंच म्हणाले. बोलायचंच नाही असं मी ठरवलं होतं. पण इतक्या वर्षांनी दोर ओढून तळवे सोलले होते, त्यांना खोबरेल लावून दिलं. राग अजून आहे. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मंडपात साहेब हार घेऊन उभे होते, तेव्हा मी मनात म्हणत होते की होडी लवकर फिरू नये.

आज बाजारात नेहमीच्या जागी बसले. ऊन होतंच. पारू शेजारीच असते, दिवसभर तोंड फिरवून बसली होती. दाजींनी तार बांधलेली ती छत्री सुकाबरोबर परत पाठवा. दोघींना पुरेल.

रागावला असाल, तरी माया कमी करू नका.

तुमची,
हंसा