हृदयाला आधार, दिवसातून दोनदा

९ जुलै
मनोहररावांना जाऊन सव्वीस दिवस. बावीस वर्षं नंदनवन ते कळमेश्वर, कंपनीची एकच बस, एकच सीट. कँटीनमध्ये चहा पिताना छातीत कळ आली आणि संपलं. मी शेजारीच होतो. रडू आलं नाही. मुळात मी स्ट्राँग.
तरी खबरदारी म्हणून आजपासून सप्लिमेंट. बाटलीवर लिहिलंय, ‘स्ट्रेसमध्ये हृदयाला आधार’. कोएन्झाइम, मॅग्नेशियम आणि आणखी काहीबाही. रोज दोन कॅप्सूल. मिनलचं, म्हणजे सौ.चं म्हणणं, आधी धंतोलीत डॉक्टरला दाखवा. माझं म्हणणं, जिन्यात धाप लागते ती वजनामुळे. सोमवारपासून चालणार.

१४ जुलै, सोमवार
पाऊस. चालणं रद्द. कॅप्सूल घेतली, म्हणजे निम्मं चालल्यासारखंच.

२६ जुलै
श्रावण लागला. उन्नतीने (कन्या, फार्मसी, दुसरं वर्ष) जेवताना जाहीर केलं की कॅप्सूलचं कवच जनावरांच्या हाडांपासून करतात. मिनलने घास खाली ठेवला. श्रावणात घरात कांदा नाही आणि तुम्ही हाडं गिळता, असं काहीतरी बोलली. मी शास्त्रीय उत्तर दिलं. कोणी ऐकलं नाही.

२७ जुलै
बाटलीतल्या वरच्या कॅप्सूल संपल्या असाव्यात. आज गोल, तपकिरी गोळ्या निघाल्या. दुसऱ्या टप्प्याचा डोस असावा. घशात जळजळ. लागू पडतंय.

६ ऑगस्ट
प्रमोशनच्या यादीत नाव नाही. काही वाटलं नाही. पूर्वी दोन दिवस जेवलो नसतो. मनोहरराव गेल्यापासून बसमध्ये त्यांच्या जागेवर मी डबा ठेवायचो, तिथे आता नवा लागलेला रजत बसतो. डबा मांडीवर घेतला. तेव्हाही काही वाटलं नाही. औषध जबरदस्त.

१५ ऑगस्ट
मनोहररावांच्या घरी गेलो. कांतावहिनींनी त्यांच्या कपाटातून माझी छत्री काढून दिली आणि रडू लागल्या. मी पंख्याकडे बघत होतो. घरी येऊन दोन गोळ्या जास्त घेतल्या. मिनलने उद्याचा धंतोलीचा नंबर लावला होता, तो रद्द करवला. गरज काय?

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा
बाटली संपली. मिनलला म्हटलं, सहा महिन्यांच्या एकदम मागवतो, या गोळ्यांनी माणसाला कशाचंच काही वाटत नाही. ती हात पुसत म्हणाली, “काहून मागवता जी? त्या हाडाच्या मी तवाच फेकल्या. सुंठ-गुळाच्या वळून भरल्या होत्या त्यात.”
विचारलं, मग मला इतके दिवस काही वाटत नाही, ते कशाने?
“ते त मनोहरभाऊजी गेले तवापासूनच आहे.”
बाहेर पोरं लाकडी बैल ओढत होती. मग धंतोलीत फोन करून मीच नंबर लावला. मंगळवार, बारावा. फोनवरच्या मुलीने विचारलं, काय त्रास होतो. म्हटलं, काहीच होत नाही.
तिने तेवढंच लिहून घेतलं.