सायरबाईंच्या ‘हूं’वर जोखलेले दोन पंखे

धुळे, मे १९९६

ती. सुकदेवभाऊंना भटूचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. वरणगावला ऊन किती, वहिनींचे गुडघे कसे, ते कळवा. आम्ही सगळे ठीक. मी तेवढा कालपासून सुन्न आहे.

लग्नपत्रिका करायला घेतलेला कॉम्प्युटर ऐन लग्नसराईत तापून बंद पडायचा, म्हणून त्याच्या पाठीला जादा पंखा बसवला. लगेच घरमालक कांतीलालशेठ दारात हजर. पलीकडच्या खोलीत त्यांच्या मातोश्री सायरबाई सामायिकाला बसतात (जैनांचं ते पाऊण तासाचं ध्यान, त्यात बोलत नाहीत), त्यांना पंख्याचा त्रास होतो, आठवड्यात सोय करा नाहीतर खोली सोडा. भाऊ, एवढी पाटी रंगवून बसलेला माणूस जाईल कुठे?

तुम्ही फॅक्टरीतले. तुमचाच सल्ला, की दोन पंखे आणायचे, दोघांचा आवाज सारखा करायचा आणि जास्त हवा देईल तो ठेवायचा. आता आवाज मोजायचं यंत्र धुळ्यात कुठलं? म्हटलं, सायरबाईच यंत्र. मध्ये नुसती जाळीची खिडकी आहे, कॉम्प्युटरची पाठ तिलाच लागून. त्या बसल्या की मी पंख्याची कळ हळूहळू पिळायची, पलीकडून ‘हूं’ आलं की थांबून खूण करायची. तसं दोन्ही पंख्यांचं केलं. मग हवा मोजायला आमच्या हिने वाळवणाला घातलेल्या ज्वारीच्या दोन ओल्या बिबड्या कापडासकट पंख्यांपुढे टांगल्या (ती त्यावरून अजून धुसफुसते आहे). स्वस्तातला पंखा चांगलाच घोंघावत होता, महागाचा जेमतेम श्वास घेत होता. पण म्हातारीचा कान खोटा कसा म्हणायचा? आणि भाऊ, दोन्ही बिबड्या एकदमच वाळल्या. ही एवढंच म्हणाली, “दोन्हीसनी हवा सारखीच शे.” आता ठेवायचा कोणता?

तेवढ्यात सामायिक आटोपून सायरबाईच आल्या. “रोज माझ्या अंगावर वारा का सोडता? सामायिकात पंख्याचा वारा आम्हाला चालत नाही.”

मी चाचरत आवाजाचं विचारलं.

“आवाजाचं काय? माझी चारही पोरं कापसाच्या जिनिंगच्या भोंग्याखाली झोपून मोठी झाली.”

म्हणजे ते ‘हूं’ वाऱ्याला होतं; मी दोघांची हवाच सारखी करून घेतली, आणि वर तीच मोजत बसलो! हे तुमच्या फॅक्टरीत कुणाला सांगू नका.

आपला,
भटू

ता. क. : कॉम्प्युटरचं तोंड फिरवलं. सायरबाई खूश, खोली राहिली.

ता. क. २ : आता ती सगळी तापलेली हवा माझ्या तोंडावर येते. कॉम्प्युटर चालू असतो, बंद मी पडतो. तुमच्या माळ्यावरचा जुना टेबलफॅन एसटीने पाठवा. आवाज कितीही करू दे.