साडूभाऊंसाठी एक शांत वाट

२ जानेवारी १९०८, धार

देवासहून परत आलो. धाकट्या मेहुणीचं लग्न छान झालं. माझं मात्र वाटोळं झालं.

साडू गणपतरावांनी आपली नवी विलायती बायसिकल पाहुण्यांसमोर बाहेर काढली आणि मला बसायचा आग्रह केला. मी टेकडीखालचा उतार धरला. समोर कडब्याची गाडी. गाडी उभी होती हे कबूल, पण चुकीच्या जागी उभी होती. मी कडब्यात शिरलो. लोक हसले. हसोत. पण गणपतरावांनी मला नवं नाव ठेवलं. उदाजीरावांचे घसरजीराव. संध्याकाळच्या पंगतीत खुद्द सासरे बापूसाहेब म्हणाले की घसरजीरावांना जिलबी वाढा. माझी पत्नी राजाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. टांग्यात विचारलं तर म्हणाली, ठसका लागला होता.

सूड घेणार.

४ जानेवारी

प्लॅन तयार. देवास सपाट गाव, त्याला शोभेपुरती एक टेकडी. आमच्या धारेला सगळा विंध्याचल. गणपतरावांना इकडे बोलवायचं आणि बायसिकलने मांडवच्या गडावर न्यायचं. मोठ्या सडकेने नाही. अशा आडवाटेने, की विलायती बायसिकल आणि तिचा मालक दोघेही खिळखिळे व्हावेत. मी पुढे जाऊन वर झाडाखाली पेरू खात बसेन. नाव आत्ताच ठरवून ठेवलं आहे. गडगडराव.

कचेरीतल्या दत्तोपंतांची जुनी बायसिकल उसनी आणली. ते म्हणाले, ब्रेक लागला तर लागतो. मी म्हणालो, आम्ही पवारांच्या मुलखातले, थांबायची सवय नाही.

६ जानेवारी

उद्या पहाटेपासून प्रॅक्टिस.

७ जानेवारी

फार थंडी. उद्यापासून.

९ जानेवारी

प्रॅक्टिस सुरू. तिरल्यापर्यंत जायचं ठरवलं होतं. तिथल्या लढाईत आमचे पूर्वज होते. निम्म्या वाटेवरून परतलो. पूर्वजांकडे घोडे होते.

नाहीतरी ही वाट गणपतरावांसाठी कुचकामी. दोन्हीकडे अफूची शेतं फुलू लागलीयत, पांढरी शुभ्र. रस्ता गुळगुळीत. शत्रूला असली चैन कशाला? हा रूट रद्द.

१२ जानेवारी

सापडली! नालछा गावाच्या पुढे मोठी सडक सोडून डावीकडे सागाच्या रानात एक जुनी वाट शिरते. आधी छातीवर येणारा चढ. मग दरीत उतार. मग पुन्हा चढ, पहिल्यापेक्षा खडा. चढावर मी बायसिकलवरून उतरलो. दमलो म्हणून नाही, दगड जवळून पाहायचे होते. उतारावर बोरीच्या झुडपात गेलो. काटे अजून निघताहेत, पण मन प्रसन्न आहे. मला एवढा त्रास होतो, तर गणपतरावांचं काय होईल!

परत बैलगाडीतून आलो. गाडी धारेलाच निघाली होती, तिला नाही कसं म्हणायचं.

१३ जानेवारी

अंथरुणात. राजाबाईने मिठाच्या पुरचुंडीने पाठ शेकली. हे सगळं कशासाठी म्हणून विचारत होती. प्रकृतीसाठी, असं सांगितलं.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. गणपतरावांना तिळगूळ पाठवला, सोबत पत्र. 'मांडवची एक वाट शोधली आहे. दाट सावली, सौम्य चढ, अत्यंत शांत. आपल्यासारख्या शौकिनाने पाहावीच.' सावली आणि चढ मी जरा सजवले. शांत मात्र शंभर टक्के खरं. तिथे माणूस ओरडला तरी ऐकायला कुणी नाही.

पत्र लिहिताना इतका गोड झालो की स्वतःलाच तिळगूळ दिला. पाच लाडू.

२० जानेवारी

गणपतराव येणार! त्यांची पत्नी, म्हणजे माझी मधली मेहुणी सगुणाबाई, आणि बापूसाहेबही येणार. याहून काय पाहिजे? बायका आणि बापूसाहेब टांग्याने मोठ्या सडकेने जातील, आम्ही आडवाटेने. वर महालापाशी दाल आणि तुपात बुडवलेल्या बाफल्यांचं जेवण. तिथे मी ताजातवाना पोचेन आणि मागून कधीतरी गडगडराव येतील, पायी.

उद्यापासून रोज शंभर बैठका.

२१ जानेवारी

अकरा. शक्ती ऐन दिवसासाठी राखून ठेवणं शहाणपणाचं.

२६ जानेवारी

शेवटचं इन्स्पेक्शन. वाट अजून बिघडवता आली. दरीच्या तळाशी सुकलेला ओढा आहे, सगळे गोल धोंडे. वाट सोडून गणपतरावांना त्या ओढ्यातून पाठवायचं. वाट हीच, म्हणून सांगायचं. आणि मी? वरच्या अंगाने एक पायवाट कडेकडेने जाते. ती नक्की पुढे जाऊन मिळत असणार. शेवटपर्यंत गेलो नाही, पण दिशा पाहून कळतं.

१ फेब्रुवारी

मंडळी आली. बापूसाहेबांनी ओसरीवरूनच हाक मारली, घसरजीराव कुठे आहेत? मी हसलो. शेवटचं म्हणून हसू दिलं.

गणपतरावांनी दत्तोपंतांची बायसिकल पाहिली आणि तिच्यापाशी खाली बसले. तेल मागवलं, ब्रेक उघडला, घासला, बसवला. संध्याकाळ त्यात गेली. हात काळे झाले तरी उठले नाहीत. शत्रूची चाल आहे. मला गाफील ठेवायचं आहे. मी गाफील होत नाही. ब्रेक मात्र उत्तम लागतो.

२ फेब्रुवारी, रविवार

घडलं तसं लिहितो.

नालछ्यापर्यंत गणपतराव पुढे होते. मी मुद्दाम दोरी सैल सोडली होती. आडवाटेचा पहिला चढ ते बसूनच चढले. मी दगड पाहत गेलो. उतार झाला आणि ओढा आला. मी सांगितलं, वाट ही अशी, ओढ्यातून, तुम्ही व्हा पुढे, मी चेन बघून येतो. ते गेले. धोंड्यांवरून खडखडत जाताना मी डोळ्यांनी पाहिले. फार समाधान वाटलं.

मग मी माझ्या पायवाटेने निघालो. पायवाट छान होती. मग अरुंद झाली. मग बकऱ्यांची झाली. मग वळणावर संपली. खाली खोल दरी. ब्रेक उत्तम लागला, बायसिकल जागच्या जागी थांबली, आणि मी तिच्यावरून पुढे गेलो. एका पळसाच्या बुंध्याला धरून लटकलो. पायाखाली काही नाही. माकडं बघत होती.

ओरडायचं नाही असं ठरवलं. मग ओरडलो. शांत रानात आवाज फार लांब जातो, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

गणपतराव धावत आले. कडेला आडवे झाले, डोक्याचा फेटा सोडला, एक टोक सागाला बांधलं, दुसरं माझ्याकडे टाकलं. देवासची माणसं घाबरली की हिंदीत जातात, भैयाचं भिया होतं. म्हणाले, "हिलो मत भिया, मैं आ रिया हूँ."

वर ओढून घेतल्यावर आम्ही दोघे बराच वेळ जमिनीवर पडून होतो. त्यांच्या तळहातांची सालं निघाली होती. मी इकडे कसा आलो ते आता विचारणार, म्हणून मी उत्तर जुळवत होतो. त्यांनी विचारलं नाही. आभाळाकडे बघत म्हणाले, "उदाजीराव, इतकी शांत वाट मला आयुष्यात कुणी दाखवली नव्हती."

मला वाटलं, टोमणा. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सांगू लागले की त्यांचं घर भर चौकात, एकीकडे थोरल्या पातीची, म्हणजे थोरल्या राजाची हद्द, दुसरीकडे धाकट्या पातीची. दोन दरबार, दोन चौघडे. एकाचा थांबला की दुसऱ्याचा सुरू. पहाटेपासून कान किटतात. कित्येक वर्षांत स्वतःचा श्वास ऐकला नव्हता, तो आज त्या ओढ्यात ऐकला. धोंडे? धोंडे तर मौजेचेच.

पुढचा चढ दोन्ही बायसिकली त्यांनी ढकलल्या. मी फेटा सांभाळला.

वर मंडळी वाट पाहत होती. आता गोष्ट फुटणार. मी बाफल्यात डोकं घातलं. गणपतरावांनी सगळी वाट वर्णन केली, साग, पळस, माकडं. फक्त मला वगळलं. हात कसे सोलले म्हणून सगुणाबाईंनी विचारलं तर म्हणाले, धोंड्यांवर पडलो. तेवढ्यात बापूसाहेब म्हणाले की घसरजीरावांना तूप वाढा. गणपतरावांनी घास खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "बापूसाहेब, ते नाव आजपासून बंद."

बंद झालं.

म्हणजे नाव त्यांनीच ठेवलं आणि त्यांनीच काढून घेतलं. मला करायला काही शिल्लकच ठेवलं नाही. आणि पडल्याचंही त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, तेही हसत. आता त्यांना गडगडराव म्हणण्यात काय राम? असला कावेबाज माणूस मी पाहिला नाही.

४ फेब्रुवारी

मंडळी गेली. निघताना गणपतरावांनी मिठी मारली. बरगडी दुखते.

राजाबाईने त्यांचा फेटा रफू करायला ठेवून घेतला आहे. मधोमध ताणून फाटला आहे, आणि त्यात पळसाची साल अडकली आहे. धोंड्यांवर पडून फेटा असा कसा फाटतो, म्हणाली. मी कचेरीत गेलो.

६ फेब्रुवारी

सूड सोडलेला नाही. निमाडाकडे उतरणारा एक घाट आहे म्हणतात, मांडवच्याही पलीकडे. पाहून यायला हवा. उद्या.

७ फेब्रुवारी

बरगडी.

२ मार्च

देवासचं पत्र. गणपतराव लिहितात की त्या दिवसापासून चौघडे सोसवेनात. धारेच्या सडक खात्यात जागा होती, अर्ज केला, मंजूर झाला. रानातल्या वाटा पाहायचंच काम. 'हे सर्व आपल्यामुळे. आपले उपकार जन्मभर विसरणार नाही.'

जन्मभर हा शब्द दोनदा वाचला.

राजाबाईने शेजारचं रिकामं घर त्यांच्यासाठी पाहून ठेवलं आहे. बहीण जवळ येणार म्हणून सकाळपासून गाणं म्हणते आहे. या घरात तिचं गाणं मी लग्नानंतर प्रथमच ऐकलं. त्यामुळे विरोध करता आला नाही.

१६ मार्च, पहाट

गणपतराव काल राहायला आले. रात्री सांगून गेले की रोज पहाटे आपण दोघांनी त्या वाटेने जायचं, एकट्याने जाण्यात मजा नाही. माझी बायसिकल दत्तोपंतांना परत करावी लागेल, असं मी म्हणालो. तर त्यांनी स्वतःची विलायती मला देऊन टाकली, दत्तोपंतांना सांगून त्यांची ते स्वतः चालवणार.

मी ठरवलं आहे की आज अंगात कसर आहे असं कळवायचं. पांघरूण डोक्यावरून घेऊन लिहितो आहे.

बाहेर घंटी वाजते. फाटकाशी गणपतराव. राजाबाई दार उघडून त्यांना सांगते आहे की हो, केव्हाचे उठले आहेत, बूट शोधताहेत.